हात धुऊन हात द्यावा

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका माणसाने मला जीभ दाखवली. वेडावून नव्हे, विश्वासाने.

मी टेबलामागे नवा पांढरा गणवेश घालून बसलो होतो. माणूस आत आला, समोरच्या बाकावर टेकला, डोळे मिटले आणि जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली. आता मी शाळेपासून गॅदरिंगमध्ये राक्षसाची कामे केलेला माणूस. समोरच्याने भूमिका दिली की ती नाकारायची नाही, हे आमच्या रक्तात. मी उठलो, वाकलो, जिभेकडे नीट पाहिले आणि म्हणालो, "हं. कवापासून?"

"पोळ्यापासनं."

"झोप?"

"न्हाई येत."

"आत जावा. भिंतीपाशी हत्तीच्या पायातली साखळी ठेवल्याली हाय. तिच्याजवळ बसा आणि एकेक कडी निवांत बघा. मग या."

तो गेला आणि बराच वेळ आलाच नाही. डोकावून पाहिले, तर गडी साखळीशेजारी गार फरशीवर गाढ झोपलेला. उठल्यावर डोळे चोळत म्हणाला, "लई बरं वाटलं, डाक्टर. परत कवा येऊ?"

मग मी त्याला खरे सांगितले आणि भिंतीपलीकडे पाठवले. भिंतीपलीकडे दवाखाना होता. आमच्या पाटीवर 'वस्तुसंग्रहालय' असे जोडाक्षरांनी भरलेले नाव, पण ते उच्चारायचे कष्ट केजमध्ये कोणी घेत नसे. सगळे 'अजबखाना' म्हणत. आमच्या मुलखात निजाम गेला तरी त्याचे 'खाने' मागे राहिले. आता दोन खाने भिंतीला भिंत लावून उभे असतील, तर तापाने फणफणलेल्या माणसाने दार चुकायचे नाही तर काय करायचे?

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना हे कळले तेव्हा ते तावातावाने आले. "तुम्ही माझे पेशंट तपासता म्हणे?"

"तपासत न्हाई साहेब, नुसता बघतो. अजबखाना हाय, हितं बघणं हाच धंदा."

ते हसले आणि आमची दोस्ती जमली. पुढे तेच पेशंटच्या नातेवाइकांना माझ्याकडे पाठवू लागले. आमच्याकडे सावली होती, रांजणात गार पाणी होते आणि दालन चांगले लांबलचक होते. बाळंतिणीच्या नवऱ्यांना येरझारा घालायला त्याच्याएवढी सोय तालुक्यात दुसरी नव्हती. कागदावर मी 'परिचर' होतो. परिचर म्हणजे कुलूप उघडणारा, झाडणारा, पुसणारा आणि लोकांना सांगणारा. यातले शेवटचे काम नेमणुकीत नव्हते. पण मला कोणी गप्प बसवू शकले नाही.

बाहेरच्या माणसाला वाटते, अजबखान्यात काय काम असणार? वस्तू जागेवर, माणूस खुर्चीवर. पण वस्तूला शत्रू फार. वाळवी, ओल, ऊन, उंदीर आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे माणसाचा हात. हाताला घाम असतो, घामात मीठ असते, तेल असते. एका हाताने काही होत नाही, पण हात कधी एकटा येत नाही. एकाने लावला की मागच्याला लावावासा वाटतो, आणि असे करत करत दगडावरचे नाक बोथट होते, तांब्यावर डाग पडतात. म्हणून मी स्वतः तांबड्या रंगाने मोठी पाटी रंगवली होती: 'हात लावू नये'. 'नये'च्या खाली एक झोकदार रेघही ओढली होती. मला त्या रेघेचा फार अभिमान.

आमचा संग्रह मूळचा एका आप्पांचा. कपाळाला भस्म लावून किराणा दुकानात बसणारे हे आप्पा गावोगावच्या जुन्या चिजा गोळा करत, आणि जाताना त्यांनी सगळे एका विश्वस्त मंडळाच्या हवाली केले. माझ्या उमेदीच्या काळात मात्र जुन्याला वाईट दिवस आले होते. घराघरांत केबलची वायर शिरली, चौकाचौकात एसटीडीचे बूथ झाले, बाया तांब्याचे हंडे मोडीत घालून प्लॅस्टिकच्या घागरी आणू लागल्या. एका बैठकीत एका विश्वस्तांनी तर दालनात व्हिडिओ गेमचे पार्लर काढावे असे सुचवले. "लोक येतील तरी," ते म्हणाले. मी चहा देता देता म्हणालो, "लोक येत्यातच की साहेब, जीभ दाखवायला." सगळे हसले आणि विषय तेवढ्यापुरता टळला. तेवढ्यापुरताच.

अशा दिवसांत आमच्याकडे एक दगड आला. ही सगळी हकिकत त्या दगडाची आहे.

तेलगावच्या बाजूला एका गावाबाहेर रस्ता रुंद होत होता. वळणावर शेंदराने माखलेला एक दगड होता, तो भरावात जाणार होता. औरंगाबादहून आमच्या देखरेखीला एक मॅडम येत. दगड, लाकूड, धातू यांच्या दुखण्यांचे शिक्षण घेतलेल्या. त्या धावत गेल्या, सरपंचांची परवानगी घेतली आणि दगड ट्रॅक्टरवर घालून केजला आणला. मग महिनाभर त्या मऊ काड्यांनी त्याच्यावरचा शेंदूर सोडवत बसल्या. पिढ्यान् पिढ्या तेल आणि शेंदूर बसून त्याचे हातभर जाड कवच झाले होते. ते निघाले आणि आतून वीरगळ बाहेर आली. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड. खाली गाई आणि मेलेला वीर, मध्ये लढाई, वर महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदरावर बसवलेले पितळेचे दोन डोळे निघाले, ते मॅडमनी शेजारच्या काचेच्या पेटीत ठेवले.

मला तर आयते नाटक मिळाले. दुपारी दवाखान्यातली मंडळी सावलीला आली की मी वीरगळीपुढे उभा राही. गाई चोरायला आलेले दरोडेखोर मीच, वीर मीच, गाईही मीच. शेवटी छातीवर हात ठेवून खाली कोसळे आणि एक डोळा किलकिला करून महादेवापुढे जाऊन बसे.

त्या साली पाऊस सरता सरता दोन बाया नेमाने येऊ लागल्या. गयाबाई आणि तिची सून सुमन. गयाबाई म्हणजे पान खाऊन ओठ रंगलेली, आवाजात चाबूक असलेली बाई. सून गप्प. तिचा उजवा हात मांडीवर असा पडलेला असे, जणू कोणी तिच्याजवळ सांभाळायला ठेवून गेले आहे. हाताला शुद्ध नव्हती. मूठ वळत नव्हती. डॉक्टरांनी टाचण्या टोचून पाहिल्या, बीडहून फोटो काढून आणवला. मला ते म्हणाले, "हाड चांगलं, नस चांगली. हे हाताचं नाही, मनाचं आहे. आणि मनाचं औषध आमच्याकडं येत नाही."

आता या हाताचे मोल शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. आमच्या जिल्ह्यातली गावेच्या गावे दिवाळीनंतर ऊस तोडायला साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. या टोळ्यांत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. आणि एक कोयता म्हणजे एक हत्यार नव्हे, एक जोडपे. नवरा तोडतो, बायको तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत टाकते. यातले एक गळाले की दुसरा 'अर्धा कोयता'. सुमनची मूठ वळली नाही तर तिचा नवरा दिवाळीनंतर अर्धा कोयता होणार होता, आणि अर्ध्याला टोळीत घ्यायला मुकादम राजी नव्हता.

गयाबाईने माझे मरण पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "ह्याला बी फिट येत्यात गं. ह्याला न्या की आधी डाक्टरकडं."

अशा त्या आठ-दहा वेळा आल्या. वीरगळीला लागूनच त्यांचा बाक होता. एके दिवशी मी मरून उठलो, धूळ झटकली आणि नेहमीच्या थाटात एक नवी भर घातली, "मंडळी, ही वीरगळ कुठली? तेलगावच्या अंगाची. वळणावरच्या निंबाखालची."

गयाबाईचे पान तोंडात थांबले. "कुठली म्हनलास?"

मी गावाचे नाव सांगितले.

ती उठली. दगडाला चहूबाजूंनी पाहिले. "ह्यो? ह्यो आमचा वाटोबा? न्हाई बा. आमचा वाटोबा चांगला अंगापिंडानं हाय. ह्यो तर उंदरावानी." मग माझ्यावर डोळे रोखून म्हणाली, "उपाशी ठिवला काय रं त्याला?"

मी निमूटपणे पेटीतले पितळी डोळे दाखवले. ती काचेला नाक लावून उभी राहिली, आणि या बाईचा आवाज खाली येऊ शकतो हे मला तेव्हा कळले. "हे डोळे माज्या सासूनं बसिवल्यात," ती म्हणाली. "डोळे हितं, आंग तितं. सरपंच म्हनला, टॅक्टरवर घालून न्हेला, कुठं ते ठावं न्हाई. आन् आमी रोज ह्याच्याच पायाशी बसून ह्याला सगळ्या रानात हुडकतोय."

मग तिने जे सांगितले ते ना मॅडमच्या टिपणात होते ना माझ्या नाटकात. त्या गावची टोळी निघताना प्रत्येक माणूस वळणावर उतरतो, दगडावर पंजा टेकतो आणि स्वतःचे नाव सांगतो. याला 'हात देणे' म्हणतात. हात वाटोबाकडे ठेवायचा आणि जायचे, म्हणजे परत यावेच लागते. उन्हाळ्यात आले की आधी घरी नाही, आधी वळणावर. पंजा टेकायचा, 'आलो रे बाबा' म्हणायचे आणि आपला हात घेऊन गावात शिरायचे.

"आन् जो परतला न्हाई त्याचा हात कोन घेतं?" मी विचारले.

"त्याच्या जवळचं मानूस घेतं. ठिवून जमत न्हाई. जीव अडकतो त्याचा तितं."

आम्ही दगड उचलला तो ऐन हिवाळ्यात. गावात म्हातारे, पोरे आणि सरपंच. हात देऊन गेलेली माणसे उसाच्या फडात होती. परवानगी रीतसर होती, दगड वाचलाही होता, पण ज्यांचे हात त्याच्यापाशी ठेवलेले होते त्यांना विचारायला वळणावर कोणीच नव्हते. ती उन्हाळ्यात परतली तेव्हा तिथे डांबर होते. बाकीच्यांनी रस्त्यालाच हात लावून वेळ निभावली. सुमनने लावला नाही.

"कावून?" मी तिला विचारले.

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. "रुक्मिणीचा बी घ्यायचा हुता, भाऊ. त्यो डांबराकडं कसा मागू?"

रुक्मिणी तिची मैत्रीण. फडावर शेजारच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत राहायची. फडात पाचटाखाली साप होता.

सुमनने डाव्या हाताने उजवा उचलला आणि दगडाकडे सरकली. आणि तिथे, तिच्या डोक्यावर, माझी पाटी. हात लावू नये. खाली झोकदार रेघ.

मी आडवा आलो. आलो म्हणजे यावेच लागले. वस्तू मॅडमच्या देखरेखीखाली, माझ्या राखणीत. "मावशी, मॅडमला विचारल्याबिगर न्हाई."

"आमच्या देवाला हात लावायला आमी बाईला इचारायचं?"

"माजी भाकरी हाय त्यात."

गयाबाई एवढेच म्हणाली, "मंग इचार. आत्ता इचार. टोळी भाऊबीज झाली की निघायची हाय."

चौकातल्या एसटीडी बूथवर मी औरंगाबादचा नंबर लावला. काचेच्या त्या खोक्यात मी, गयाबाई आणि गयाबाईची पानाची पिशवी. बाहेर रांग. मी सगळी हकिकत सांगितली. रांगेतल्या लोकांनीही ऐकली, आणि मधेमधे आपली भर घातली. मॅडमनी टोळी कधी निघते ते विचारून घेतले. मग म्हणाल्या, "नारायणराव, मी येते. तोवर हात लावू देऊ नका."

"काय म्हनली?" गयाबाईने विचारले.

"येते म्हनली."

"येते म्हनली म्हंजे मानूस बरं हाय," गयाबाईने निकाल दिला. "न्हाई म्हनायचं असतं तर तितनंच म्हनली असती."

भाऊबीजेच्या आदल्या सकाळी मॅडम एसटीने उतरल्या. सणाची सुट्टी होती, पण मी कुलूप उघडले. डॉक्टरही कुतूहलाने आले. मॅडमनी गयाबाईला शेजारी बसवून सगळे पुन्हा ऐकले. मग उठून दगडाला आपला कान लावावा तशा जवळ जाऊन त्यांनी त्याचा कणन् कण पाहिला.

"आजी," त्या म्हणाल्या, "तेल नको."

"न्हाई लावत."

"शेंदूर नको."

"बरं."

"हळद, कुंकू, नारळ, अगरबत्ती, काही नको."

"मंग ऱ्हायलं काय?"

"हात."

गयाबाई मॅडमकडे बघतच राहिली. "अगं बाय, हातच तर पायजेल हुता आमाला. बाकीचं सगळं गुरवाचं."

"पण धुऊन," मॅडम म्हणाल्या. "साबणानं. आणि पुसून."

नंतर त्यांनी मला समजावले. हा काळा पाषाण. शेकडो पावसाळे अंगावर घेतलेला. वर्षातून दोनदा कोरडा, स्वच्छ हात सपाट बाजूला टेकला, नक्षीला नाही, तर तो खचणार नाही. "आणि नारायणराव, दगड चांगला राहिला पण ज्यांचा आहे त्यांना बरं वाटलं नाही, तर आपण नक्की काय राखलं?"

मी बादली, साबणाची वडी आणि घरून धुतलेला पंचा आणला. सुमनने हात धुतले. उजवा तिला धुता येईना, तो गयाबाईने धुऊन दिला, लहान मुलाचा धुतात तसा, बोटांच्या बेचक्यांतून. मग सुमन दगडाच्या सपाट बाजूपाशी उभी राहिली. तिने आधी डावा हात टेकला.

"रुक्मिणी," ती म्हणाली. "आली रं बाबा रुक्मिणी. तिचा दे."

डॉक्टर खिडकीकडे बघू लागले. मी छताकडे. आमच्या छतात बघण्यासारखे काही नाही.

मग तिने उजवा हात उचलून दगडावर ठेवला आणि स्वतःचे नाव सांगितले. ठेवला तो ठेवलाच. ती रडत नव्हती, हलत नव्हती. शेवटी गयाबाई म्हणाली, "घे आता. का तितंच देऊन येतीस?"

आता तुम्ही म्हणाल, मूठ वळली. नाही हो. मी नाटकी असलो तरी थापाड्या नाही. तिने हात काढला तो तसाच ढिला होता. ती बाकावर येऊन बसली आणि त्या दिवशी जीभ दाखवणारा तो गडी झोपला होता तशी, सासूच्या खांद्यावर डोके ठेवून गाढ झोपली. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यानंतरची तिची ही पहिली दिवसाची झोप असेल. उठल्यावर गयाबाईने तिच्या हाती पान दिले. ते तिने घेतले. डाव्या हाताने नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसले. गयाबाईने लगेच डोळ्यांनीच आम्हाला दटावले.

डॉक्टरांनी पुढे बोटांचे व्यायाम शिकवले आणि टोळीचे निघणे मुकादमाने थोडे पुढे ढकलले. मन मोकळे झाले म्हणून हात आला की हात यायचाच होता, हे मी सांगू शकत नाही. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणत, "अर्धं श्रेय तुमच्या खान्याला."

टोळी निघाली ती मात्र आमच्या दारावरून. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, त्यावर संसार, कोंबड्या, शेळ्या. अजबखान्यापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत हात धुणाऱ्यांची रांग. मी साबण घेऊन उभा. "हात धुऊन मागं लागलाय ह्यो," एक गडी ओरडला आणि रांगभर हशा झाला. सुमनने हात दिला, नवऱ्याने दिला. पुरा कोयता.

ज्यांनी व्हिडिओ गेम सुचवले होते ते विश्वस्त पायरीवर उभे राहून ही गर्दी पाहत होते. मी त्यांच्याही हातावर साबण ठेवला. पार्लरचा विषय परत निघाला नाही.

पुढे आजूबाजूच्या गावांतल्या टोळ्याही येऊ लागल्या. त्यांचा वाटोबा वेगळा, पण म्हणाल्या, चालतंय. मोठमोठ्या शहरांतली संग्रहालये मी पाहिली आहेत. तिथे वस्तू जास्त आहेत, दिवे छान आहेत. पण उसाच्या फडात बसलेल्या माणसाचा हात सांभाळून ठेवायची जबाबदारी त्यांच्यापैकी एकावरही नाही. माझ्यावर आहे. एकच रुखरुख आहे. दगड वळणावर नाही. निंबाखालून जाणारी वाट त्याला दिसत नाही, समोर दवाखान्याची भिंत दिसते. मॅडम म्हणतात, तीही वाटच आहे.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात टोळी परतली. ट्रॉली थांबायच्या आत गयाबाई उतरली; सुनेच्या बाळंतपणासाठी या खेपेला तीही गेली होती. मागून सुमन, कडेवर फडात जन्मलेली मुलगी. मी बादली भरून तयार होतो. एकेक जण हात धुई, टेके, "आलो रं बाबा" म्हणे आणि हात घेऊन बाहेर पडे. सुमननेही आपला घेतला. मग ती थबकली. "आत्या, हिचा तर दिल्यालाच न्हाई. घ्यायचा कसा?"

रांग थांबली. असा प्रश्न आधी कोणाला पडला नव्हता, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले, जणू मी अजबखान्यातला माणूस म्हणजे सगळ्या अजबाचा मालक.

गयाबाईने विचार केला. मग म्हणाली, "हिचा दिऊन टाक. आन् घ्यायचाच न्हाई. ऱ्हाऊ दे हितंच. ही जायची न्हाई फडात."

"मावशी," मी म्हणालो, "हात ठिवून जमत न्हाई, जीव अडकतो. रीत तुमचीच हाय."

"रीत माजी हाय ना? मंग मोडीन बी मीच. तू साबन आन."

मी साबण आणला. त्या एवढ्याशा मुठीत फडातली काळी माती अजून होती. ती उघडेना. गयाबाईने फुंकर घातली, पोरगी दचकली, बोटे पसरली, आणि सुमनने ती ओली बोटे पंच्याने टिपून दगडावर टेकवली. नाव अजून ठेवले नव्हते. म्हणून ते सांगायचे राहिले.

तो हात अजून आमच्याकडेच आहे.